खेळणीघराची ओंजळभर फी

नोकरी काय होती, असं कोणी विचारलं की मी अजून अडखळतो. पोस्टात होतो, एसटीत होतो, असं एका दमात सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मी शिरपूरला खेळणी सांभाळायचो. वाचनालयात पुस्तकं असतात, तसे आमच्याकडे घोडे, ठकी, भोवरे, भातुकल्या असायच्या. पोरांनी सभासद व्हायचं, एक खेळणं न्यायचं, आठ दिवसांनी परत आणायचं, दुसरं न्यायचं. इतकं ऐकून समोरचा हसतो आणि विचारतो, "ते झालं हो, पण नोकरी कुठं होती?"

म्हणून या दिवाळीत एकदाचं लिहूनच टाकतो. सगळं नाही. पहिल्या वर्षी आमची फी कशी ठरली, तेवढंच. तेव्हा माझा जो जीव टांगणीला लागला होता, तसा पुढच्या तीस वर्षांत पुन्हा लागला नाही.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. घरात लाकडी खेळणी रंगवायचं काम. चौथीत माझी शाळा सुटली, म्हणजे वडील गेले आणि हातात कुंचला आला. एकोणिसाव्या वर्षी एका व्यापाऱ्याबरोबर खेळण्यांच्या पेट्या घेऊन वऱ्हाडात आलो. शिरपूरला जैन मंदिरामुळे यात्रेकरूंची ये-जा, तिथं माल खपेल असा त्याचा अंदाज. माल निम्मा खपला आणि मला हिवताप भरला. व्यापारी चार दिवस थांबला. पाचव्या दिवशी सकाळच्या मोटारीनं वाशिमकडे गेला, तो गेलाच. एक पेटी मात्र माझ्या पगारापोटी मागं ठेवून गेला. एवढी माणुसकी त्याच्यात होती.

मला उचललं ते मनुताईंनी. त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. एकट्याच राहायच्या, मोठ्यानं बोलायच्या आणि कोणाचं ऐकायच्या नाहीत. त्यांनी मला ओसरीवर खाट टाकून दिली आणि तीन आठवडे ज्वारीच्या कण्या भरवल्या. मी भात खाणारा माणूस. कण्या गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना वाटायचं, उपकारानं रडतोय. तेही खरंच होतं, पण थोडं कण्यांचंही होतं.

मी खाटेवर पडलेला असताना गल्लीतली पोरं पेटीभोवती जमायची. एकेक जण हळूच काहीतरी न्यायचा आणि दिवेलागणीला परत आणून ठेवायचा. मला ओरडायचं त्राण नव्हतं. मनुताईंनी हे चार दिवस पाहिलं आणि एक दिवस कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सदू, तू बरा झाला की हेच करायचं. खेळण्याईचं घर काढायचं. तू सांभाळशीन."

मी म्हणालो, "ताई, मी चौथी नापास."

"घोड्याले कुठं समजते तुही चौथी?"

गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची, भाऊसाहेबांची, बाजाराच्या रस्त्यावर एक खोली होती. हंगामात त्यात सरकी भरायची, एरवी रिकामी. मनुताईंनी ती मागून घेतली. भाऊसाहेब मनानं वाईट नव्हते, पण हिशेबी होते. म्हणाले, "खोली देतो. पण दसऱ्यापावतर चाळीस सभासद झाले पायजे. नाई झाले तं माही खोली मले वापस. सरकी काय माह्या डोक्यावर ठेवू?"

दसरा साडेचार महिन्यांवर होता. चाळीस सभासद झाले तर खोली आणि माझं दोन वेळचं जेवण, नाही झाले तर मी पुन्हा रस्त्यावर. घरून आईचं पत्र यायचं, शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. "थंय तुका भात तरी गावता मा?" मी उत्तरात लिहायचो की मिळतो. परत गेलो असतो तर खाणारं एक तोंड वाढलं असतं. आणि ज्यांनी मला उचललं त्यांची गावात फजिती झाली असती, ते वेगळंच. म्हणून मी खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघायचो आणि घरी पोचल्यावर तिसऱ्यांदा बघायला यायचो.

आता धंद्याचं थोडं सांगतो. खेळणी द्यायची म्हणजे तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. सभासदानं काय द्यायचं, किती दिवसांनी द्यायचं आणि खेळणं मोडलं तर कोणी सोसायचं. पहिल्या दोन गोष्टींवर लोक तासभर वाद घालतात. सगळं अडतं ते तिसऱ्या गोष्टीवर, पण तिच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. हे मला तेव्हा कुठलं माहीत! आमची समिती बसली, म्हणजे भाऊसाहेब, मनुताई आणि पाणी द्यायला मी. महिन्याला चार आणे फी आणि एक रुपया अनामत ठरली. रोख नसेल त्यानं घरातली वस्तू अनामत ठेवावी, अशी सवलत मनुताईंनी घालून घेतली. सवलत म्हणून आम्हाला ती फार उदार वाटली होती.

दोन महिन्यांत अकरा सभासद झाले. सगळी खात्यापित्या घरची पोरं. बारावी सुमी.

सुमी सात वर्षांची. तिची आई गोदाबाई मजुरीला जायची. निंदण, वेचणी, मिळेल ते. त्यांची वस्ती आसेगावच्या वाटेला, गावाबाहेर. गोदाबाईनं चार आणे टेकवले आणि अनामत म्हणून पदराखालून पितळेचा एक गडवा काढला. घासून घासून त्याचा काठ कागदासारखा झाला होता. सुमीनं चाकांचा घोडा निवडला. लाल घोडा, पिवळं खोगीर, पुढे ओढायला दोरी. माझ्याच हातचा.

आठव्या दिवशी घोडा परत आला. परत आलेलं खेळणं मी नेहमी उजेडात धरून बघायचो. चाकं मोजायची, खुंट्या हलवून बघायच्या, चावल्याचे दात कुठे उमटलेत ते पाहायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. घोड्यावर एक ओरखडा नव्हता. दोरीची गाठसुद्धा मी मारली होती तशीच. मी हरखलो. खोलीत त्या वेळी चार पोरं होती. मी घोडा उंच धरला आणि म्हणालो, "बघा रे, याला म्हणतात खेळणं सांभाळणं! सुमीसारखं वापरा."

सुमी खाली बघत होती. पोरं गेल्यावर ती दारातून परत आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, याचे चाकं फिरतात का?"

मी म्हणालो, "म्हणजे काय? तू आठ दिवस ओढला ना?"

"नाई. मायनं खुंटीले टांगला होता. फडक्यात बांधून. मले म्हने, पाहाचा, हात नाई लावाचा. मोडला तं गडवा जाते."

एवढं बोलून ती पळाली. मी घोडा हातात घेऊन तसाच उभा. त्या पोरीनं आठ दिवस खुंटीवरच्या गाठोड्याकडे बघत काढले होते आणि मी शहाण्यासारखी तिची चारचौघांत वाहवा केली होती. आयुष्यात पुष्कळ चुका केल्या, पण ती वाहवा आठवली की आजही कानशिलं तापतात.

मनुताईंना सांगितलं, तशा त्या तडक भाऊसाहेबांकडे गेल्या. मी मागोमाग.

"अनामत बंद करा," मनुताई म्हणाल्या.

"अन् मोडलं तं?"

"मोडलं तं मोडलं. खेळणं हाये, देव नाई."

"वा! मंग एका महिन्यात तुमच्या घरात नुसत्या ढलप्या राहातीन."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी दुरुस्त करीन. माझं तेच काम आहे. लाकूड, लाख, रंग, सगळं येतं मला."

भाऊसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हा कोकन्या बोलते बी काय? बरं. पन तुह्या भरोशावर. दसऱ्याले पेटीतली एकएक वस्तू मोजून घेईन. अन् चाळीस म्हंजे चाळीस."

अनामत गेली, फी दोन आण्यांवर आली. गडवा मी स्वतः वस्तीवर नेऊन दिला. गोदाबाईनं तो उलटासुलटा करून पाहिला, जसा मी घोडा पाहायचो. सभासद एकोणीस झाले आणि तिथंच थबकले. वस्तीवरची पोरं दारापर्यंत यायची, आत यायची नाहीत. त्यांच्या घरी मजुरी बऱ्याचदा ज्वारीत मिळायची. दोन आणे रोख निघायचे ते मिठाला आणि तेलाला.

या एकोणिसात एक सखाराम आबा धरला होता. त्याचं वय सत्तरीचं, एक पाय अधू. तो दर आठवड्याला नातवाच्या नावानं भोवरा न्यायचा. मी विचारायचो, "आबा, नातू नाही आला?" तो म्हणायचा, "ताप हाये त्याले." सहा आठवडे त्या पोराचा ताप उतरेना, तेव्हा मला काळजी लागली. मी औषधाची पुडी घेऊन निघालो, तर मारुतीच्या पारामागं आबा दोन म्हाताऱ्यांना घेऊन भोवरा फिरवत बसलेला. नातू आसेगावला लेकीकडे, धडधाकट. मी पुडी खिशात ठेवली आणि मागच्या मागे परतलो. भीती होती ती एवढीच, की दसऱ्याला भाऊसाहेबांनी खरी पोरं मोजायला घेतली तर एक कमी भरेल.

मग पोळा आला.

आमच्याकडे कोकणात पोळ्याचा हा थाट नाही. इथं आदल्या दिवशी बैलांना आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी. हे सगळं मी तोंड उघडं टाकून बघितलं. पण त्याच्या पुढच्या दिवशी तान्हा पोळा असतो, पोरांचा पोळा, लाकडी बैलांचा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथल्या माणसाला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. माझ्या पेटीत सहा लाकडी बैल होते. पोळ्याच्या दिवशी सकाळी दारात ही झुंबड! मला वाटलं, खेळणीघर नावारूपाला आलं. सहाही बैल दिले. सभासद नव्हते त्यांनाही दिले, म्हटलं, लागू दे गोडी. वस्तीवर तीन गेले, त्यातला पांढरा सुमीकडे.

आठ दिवस झाले. बैल नाही आले. नवव्या दिवशीही नाही. दहाव्या दिवशी मी दारोदार निघालो.

पहिल्या घरी बाई म्हणाली, "बैल? कोनता बैल?"

"लाकडाचा. आमचा."

"तुमचा कसा होईन आता? त्याले कुंकू लावलं, ओवायलं, पुरन खाऊ घातलं. पुजलेला बैल कोनी घराबाहीर काढते का मास्तर? तुमच्याकडे काढतात?"

देव्हाऱ्यात बैल उभा होता, शिंगांना बेगड, कपाळावर कुंकवाचा थर. दुसऱ्या घरी म्हातारीनं मलाच बैलाच्या पाया पडायला लावलं आणि हातावर प्रसाद ठेवला. तिसऱ्या घरी पोरगा ओरडला, "माय, मास्तर बैल चोराले आले!" आणखी दोन घरी तेच; सुमीच्या घराला तेवढी कडी होती, गोदाबाई कामावर. खेळणं म्हणून नेलेला बैल एका दिवसात घरचा होऊन बसला होता. मनुताईंना सांगितलं तर त्या हसत सुटल्या. त्यांचं ठीक होतं. भाऊसाहेब मोजणार होते ते माझ्या भरवशावर. दसरा महिन्यावर, सभासद एकोणीस, आणि पेटीतून सहा वस्तू गायब. मी आईला पत्र लिहायला घेतलं, की बहुधा येतोय. ते अर्धंच राहिलं.

कारण दुसऱ्या दिवशी दुपारी गोदाबाई सुमीचा हात धरून खोलीत आली. सुमीच्या फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी होतं.

"मास्तर, तुमी बैल मांगाले फिरून राह्यले म्हने."

"हो बाई. माझ्यावर येईल ते."

"बैल नाई भेटत आता. पन फुकटचा बी नाई ठेवत आमी. सुमे, दे."

सुमीनं ओच्यातली ज्वारी दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली आणि माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केले. दाण्यांची ऊब अजून आठवते.

"दर महिन्याले देत जाईन," गोदाबाई म्हणाली. "सुताराले देतो, लोहाराले देतो, चांभाराले देतो. त्याईनं वस्तू नीट करून द्याची, आमी दाने द्याचे. तुमी बी घोडे नीट करता ना? मंग तुमाले काहून नाई? पैसे नाईत मास्तर घरात. ज्वारी हाये."

"पण किती द्यायची? कोणाची ओंजळ?"

तिनं मी वेडा असल्यासारखं पाहिलं. "खेयन त्याची. लहान पोट्ट्याचा हात लहान, तं तो लहानच खेयते."

तीन महिने समिती बसून जे सुटलं नव्हतं, ते त्या बाईनं उंबऱ्यात उभ्या उभ्या सोडवलं.

समिती परत बसली. मी बैलांचं सगळं खरं सांगून टाकलं. भाऊसाहेबांना बैलांचं काहीच वाटलं नाही. "पुजला, तं आता कसा आनशीन?" एवढंच म्हणाले. चार दिवस मी उगीच उपाशी राहिलो होतो. पण ओंजळीवर ते अडले. "म्हंजे माह्या बाळ्याची फी अन् त्या मजुराच्या पोरीची फी एकच? माह्या घरी ज्वारीचे पेव भरले हायेत. लोक काय म्हनतीन?"

"मोजून पाहू," मनुताई म्हणाल्या.

भाऊसाहेबांच्या नातवाला, बाळ्याला बोलावलं, सुमीला बोलावलं. दोघं एका वयाची. बाळ्या अंगानं दुप्पट. पोत्यातून दोघांनी एकेक ओंजळ घेतली आणि दोन सुपांकडे चालत गेली. बाळ्याची निम्मी ज्वारी वाटेत सांडली. मऊ, गुबगुबीत बोटं, त्यांच्यामधून दाणे नुसते गळत होते. सुमी आईबरोबर शेतात वेचायला जायची. तिच्या बोटांत फट नव्हती. एक दाणा पडला नाही. दोन सुपं शेजारी ठेवली तर मजुराच्या पोरीची रास पेववाल्याच्या नातवापेक्षा दीडपट.

भाऊसाहेबांनी दोन्ही सुपं स्वतः हलवून पाहिली. मग बाळ्यावर खेकसले, "बोटं जुयव ना बे! इज्जत घेतली माही."

फी ठरली. दर महिन्याला, खेळणाऱ्याची एक ओंजळ. मोडलं तर मी दुरुस्त करायचं. ज्याला रोख द्यायचे त्याला दोन आणे. पण मजा अशी, की महिनाभरात रोख देणारं कोणी राहिलं नाही. शेठांची पोरंसुद्धा हट्टानं ओंजळच आणायची, कारण त्यात गंमत होती. मी दारात टोपली ठेवून बसायचो. कोणी ज्वारी आणी, कोणी तूर, एकीनं ओंजळभर बोरं आणली आणि टोपलीपर्यंत पोचेतो निम्मी खाल्ली. एक पहिलवान मुलासाठी स्वतःची ओंजळ घेऊन आला. मी घेतली नाही. म्हटलं, "हा घोडा तुम्ही ओढणार असाल तर घेतो." त्यानं घोड्याकडे पाहिलं, विचार केला आणि मुलाला आणायला गेला. टोपलीतलं धान्य काही विकलं जाई, त्यातून लाख आणि रंग यायचे. उरलेल्याची माझी भाकरी. थापायला मनुताईंनीच शिकवली. पहिली कोकणच्या नकाशासारखी झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी भाऊसाहेब आले. मनुताईंनी वही उघडून एकेक नाव वाचलं. मी खिडकीशी उभा राहून बोटांवर मोजत होतो. अडतीस. एकोणचाळीस. वही संपली.

"एक कमी हाये," भाऊसाहेब म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण माणूस शब्दाचा पक्का.

मला तर ठाऊक होतं की एक नाही, दोन कमी आहेत. आसेगावचा नातू त्या एकोणचाळिसात होता. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. पण तिथं गप्प राहायला जीभ मानेना. म्हणालो, "भाऊसाहेब, त्यातलंही एक नाव खोटं आहे. सखाराम आबाचा नातू..."

"खरं हाये! काहून खरं नाई?" दारातून आबा ओरडला. तो लंगडत आत आला, मागं त्याचे ते दोन म्हातारे. "नातवाचं नाव कापा, माहं लिहा. भोवरा म्याच खेयतो. लपून खेयाचा कटाया आला आता. अन् या दोघाईचं बी लिहा. हे फुकट खेयतात, माह्या भोवऱ्यावर."

तिघांनी आपापली ओंजळ टोपलीत ओतली. नांगर धरलेले ते हात. टोपली जवळजवळ भरली. मनुताईंनी नातवाचं नाव खोडलं आणि तीन नावं लिहिली. एक्केचाळीस.

"पोरं म्हटलं होतं का म्या?" भाऊसाहेब स्वतःशीच पुटपुटले. मग मोठ्यानं म्हणाले, "सभासद म्हटलं होतं." आणि जाता जाता माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून गेले. सरकी त्या वर्षी कुठे ठेवली, मी विचारलं नाही.

त्या खोलीत मी तीस वर्षं काढली. आईला एकदा आणून दाखवली. तिनं टोपली पाहिली आणि म्हणाली, इथं भात काही गावत नाही, पण तू उपाशी नाहीस. नवे पैसे आले, भाव चढले, गावात प्लास्टिकच्या मोटारी आल्या. आमची फी तीच राहिली.

पण सांगायचं राहिलं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुमी आली, ओंजळ ओतली आणि तोच लाल घोडा मागितला. आठ दिवसांनी परत आणला, तेव्हा मी तो उजेडात धरला. एक चाक नव्हतंच. दुसरं वाकडं झालेलं. शेपूट गेलेलं, खोगिराचा पिवळा रंग निम्मा उडालेला, दोरी तुटून दोन ठिकाणी गाठी मारलेल्या, आणि पोटाला वस्तीपासून गावापर्यंतची काळी माती चिकटलेली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती अजिबात घाबरलेली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "याचे चाकं फिरतात. लय फिरतात."